शंभरचं टाका

पहाटे ५.३०

पंप सहाला उघडतो, पण त्याआधीचा अर्धा तास डिपच्या काठीचा. कडेगावहून कऱ्हाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा आमचा पंप लहानच आहे. जमिनीखाली पेट्रोलची एक टाकी, डिझेलची एक, वर दोन मशिनं. मी इथली मॅनेजर. मालक कऱ्हाडला असतात, म्हणजे फोनवर असतात.

काठी टाकीच्या तळाला टेकवायची, सरळ वर काढायची, ओल कुठवर आली ते वाचायचं आणि तक्ता बघून लिटर लिहायचे. काठीच्या टोकाला पेस्ट लावलेली असते. तळाशी पाणी असेल तर तिचा रंग बदलतो. पूर्वी पाणी आलंच तर नुसतं खाली बसून राहायचं, उपसून टाकता यायचं. पेट्रोलमध्ये इथेनॉल आल्यापासून तो सोपेपणा गेला. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाला जातात. ते एखाद्या मोटरसायकलीत गेलं तर गाडी रस्त्याला लागायच्या आतच बंद पडते आणि तिचा मालक माझ्या टेबलासमोर उभा राहतो. पावसाळ्यात ही काठी मी सारखी घालते. सध्या थंडी आहे, ऊस पडतोय, काळजी कमी.

मग डेन्सिटी. उभ्या भांड्यात नमुना घ्यायचा, त्यात हायड्रोमीटर आणि थर्मामीटर सोडायचे, आलेला आकडा तक्त्यावरून १५ अंश तापमानाचा करायचा आणि टँकरच्या चलनावरच्या आकड्याशी ताडायचा. तीनच्या वर फरक पडला तर विक्री थांबवायची. हा आकडा रोज लिहावा लागतो आणि मागेल त्याला दाखवावा लागतो. मागत कोणी नाही. लोक भाव वाचतात, आणि भावापेक्षाही बारकाईनं मशिनवरचं शून्य.

भाव सहाला बदलतो. १६ जून २०१७ पासून देशभर हीच पद्धत आहे. त्याआधी तो पंधरवड्यानं, मध्यरात्रीपासून बदलायचा. वाढणार अशी बातमी संध्याकाळी आली की रात्री अकराला पार रस्त्यापर्यंत मोटरसायकलींची रांग. लिटरमागं दोन रुपये वाचवायला माणसं तासभर थंडीत उभी. पण त्या रांगेत एरवी कानावर न पडणारा शब्द ऐकू यायचा : ‘फुल कर.’

सकाळी ६.१५

पहिला मान दूधवाल्याचा. दोन्ही बाजूंना कॅन, मागं पिशवी, कानाला मफलर. गाडी बंद करायला तो तयार नसतो.

“गाडी बंद करा आधी.”

“सकाळची परत किक लागत न्हाई मॅडम. चोक देऊन देऊन पाय जातोय.”

“तरी बंद करा.”

तो बंद करतो. मग ठरलेलं वाक्य, “दीडशेचं टाका.” दहा दिवसांनी दुधाचं बिल झालं की त्या दिवशी दोनशे. बिल लांबलं तर शंभर. त्याच्या टाकीत किती पेट्रोल आहे हे बघून दूध संघ किती दिवस थकलाय ते मला सांगता येतं.

त्याच्या स्प्लेंडरच्या टाकीत ९.८ लिटर मावतं. साठचं अॅव्हरेज धरलं तर एकदा भरलेली टाकी त्याला इथून मुंबईला पोचवेल आणि परतीला साताऱ्याच्या आसपास आणून सोडेल. एवढा पल्ला त्या गाडीच्या अंगात आहे. प्रत्यक्षात ती तालुक्याची शीव क्वचितच ओलांडते, आणि त्या टाकीत एका वेळी दोन लिटर पडलेलं मी कधी पाहिलेलं नाही. त्याला विचारलं, गाडी किती जाते, तर तो किलोमीटर सांगत नाही. “शंभरात दोन फेऱ्या,” म्हणतो. सकाळची एक, संध्याकाळची एक. मीटरची तार कधीच तुटलेली. काटा शून्यावर झोपलेला. टाकीचं झाकण उघडून गाडी डावीकडं-उजवीकडं हलवायची आणि आतला आवाज ऐकायचा, हा त्याचा फ्युएल गेज. तो चुकत नाही, हे मी मान्य करते.

गाडी बनवणारी कंपनी पल्ला लिटरवर सांगते आणि जाहिरात फुल टाकीवर करते. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली तेव्हाची ओळ अजून जुन्या लोकांना पाठ आहे : फिल इट, शट इट, फरगेट इट. भरा, झाकण लावा, विसरून जा. चेतक, राजदूत, यझदीला लिटरमागं ऑइल मोजून घालायची सवय असलेल्या माणसांना ते नवल होतं. गाडी खूप विकली गेली, तिची पुढची पिढी आज माझ्या पंपावर सगळ्यात जास्त येते. त्या ओळीतला झाकण लावायचा भाग लोकांनी घेतला. भरून टाकून विसरण्याइतके पैसे मात्र एकदम कधी हातात आले नाहीत.

सकाळी ८.००

ही खरी गर्दीची वेळ. तासवड्याच्या एमआयडीसीला पहिल्या पाळीला जाणारे मघाशीच गेले. आता जनरल पाळीचे, शाळेचे मास्तर, पंचायत समितीचे लोक, बचत गटाच्या वसुलीला निघालेली फायनान्सची पोरं. दोन्ही नोझलांवर सात-आठ गाड्या.

“एकशे दहाचं.” “दोनशे दहाचं.” “तीनशे पाच.”

या आकड्यांमागं एक पक्की समजूत आहे. शंभर, दोनशे या बटणांवर मशिन सेट करून ठेवलेलं असतं, त्यात कमी येतं, म्हणून आकडा वाकडा सांगायचा. पंपावर काम करणारा माणूस यावर हसतो. मशिनला शंभर काय आणि एकशे दहा काय, दोन्ही सारखेच. माप मारायचंच असेल तर ते बटणात नसतं. ज्याला खरोखर शंका आहे त्यानं पाच लिटरचं माप मागावं. वजनमापे खात्याचा शिक्का असलेलं ते पितळी-पत्र्याचं भांडं प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं, आणि पाच लिटरला २५ मिलिलिटरपेक्षा जास्त कमी भरलं तर ते नोझल बंद करावं लागतं. मागणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. इतकी वर्षं झाली, माप मागणारे मोजके. वाकडा आकडा सांगणारे रोजचे. माप मागायला वेळ लागतो, शिवाय आपण भांडकुदळ दिसतो. वाकडा आकडा सांगून माणसाला आपण फसलो नाही एवढं समाधान फुकट मिळतं. मला ते कळतं.

दुसरं भांडण उडीचं. नोझल दाबलं की आकडा शून्यावरून सरळ चार-पाच रुपयांवर जातो. “हे चार रुपये कुठं गेले?” हजाराचं भरणाऱ्याला चार रुपयांची उडी दिसतसुद्धा नाही. पन्नासचं भरणाऱ्याला ती अख्खीच्या अख्खी दिसते. पोरांना मी सांगून ठेवलंय, पन्नासवाल्याशी आवाज चढवायचा नाही. शंका घ्यायचा जास्त हक्क त्यालाच आहे.

फोनवरून पैसे यायला लागल्यापासून आकडे आणखी गमतीचे झाले. पूर्वी नोट असेल तेवढं पेट्रोल : वीस, पन्नास, शंभर. आता खात्यात असेल तेवढं. चौऱ्याऐंशी, सदुसष्ट. परवा एकानं स्कॅन करायच्या आधी बॅलन्स बघितला, नोझलवरच्या पोराला फोनच दाखवला आणि म्हणाला, “ह्यातले दहा ठेव.”

लिटर पन्नासच्या घरात होता तेव्हा शंभराची नोट म्हणजे दोन लिटर. २०२१ च्या मे महिन्यात मुंबईत पेट्रोल शंभरीपार गेलं तेव्हा शंभराची नोट लिटरच्या आत आली. जुन्या मशिनांवर तर लिटरचा तीन आकडी भाव दाखवायची सोयच नव्हती. काही ठिकाणी त्यासाठी विक्री थांबवावी लागली. मशिनं दुरुस्त झाली. गिऱ्हाइकाच्या तोंडातला ‘शंभर’ मात्र तसाच राहिला. भाव वाढला म्हणून त्यानं नोट वाढवली नाही, फेरी कमी केली. सांगायचं एवढंच की या भागात मोटरसायकलीचा पल्ला टाकीच्या पत्र्यावर ठरत नाही. ज्या दिवशी पैसे हातात पडतात त्या दिवसापासून पुढच्या पैशापर्यंत किती दिवस आहेत, त्यावर ठरतो.

सकाळी १०.००

कॉलेजची पोरं. एका गाडीवर तिघं, पेट्रोल साठचं, वीस-वीसची वर्गणी. तिघांना मिळून एक हेल्मेट, तेही आरशाला अडकवलेलं. २०१६ मध्ये हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही, असं सरकारनं जाहीर केलं होतं. पंपवाल्यांनी विरोध केला आणि ते मागं पडलं. बरं झालं, असंच म्हणेन. शिवराळ तोंडाच्या माणसाला पेट्रोल नाकारायचं काम नोझलवरच्या एकोणीस वर्षांच्या पोरावर टाकणं काही खरं नव्हतं.

याच सुमाराला बायका येतात. अंगणवाडीच्या, आशा ताई, शाळेच्या बाई, कापडाच्या दुकानात कामाला जाणाऱ्या. बहुतेक अॅक्टिवा. तिच्या टाकीत सव्वापाच लिटरच्या आसपास मावतं. जुन्या मॉडेलात टाकीचं तोंड सीटखाली. उतरा, पिशवी काढा, पोराला उभं करा, सीट उचला. नव्यात तोंड बाहेर आलं तेव्हा सगळ्यात जास्त हायसं वाटलं ते साडीवाल्यांना.

एक फरक मी इथं बसून बसून टिपलाय. पुरुषाची गाडी लाल पट्टीत गेल्याशिवाय पंपावर येत नाही. बायकांची अर्ध्यावर आली की येते. पैसा दोघांकडं सारखाच तंग असतो. पण पुरुषाची गाडी बंद पडली तर तो ढकलत नेतो, वाटेत कोणी ओळखीचा भेटतो, पायानं धक्का देत पंपावर आणून सोडतो, वर चहाही होतो. बाईची गाडी सांजच्याला शेताच्या वाटेवर बंद पडली तर तिला हे काहीच नको असतं. तिचा रिझर्व्ह तिनं स्वतःच वर उचलून ठेवलेला असतो, टाकीच्या निम्म्यावर. मीही माझ्या गाडीत तसाच ठेवते.

सकाळी ११.३०

टँकर. हजारवाडीच्या डेपोतून निघाला की फोन येतो. तो येण्याआधी पेट्रोलचं मशिन बंद, दोरी बांधायची, ‘विक्री बंद’ची पाटी. गाडी सपाटीवर, इंजिन बंद, चाकाला लाकूड, अर्थिंगची तार, आगीचं नळकांडं हाताशी. सील नंबर चलनाशी ताडायचे. मग थोडा वेळ काहीच करायचं नाही, आतलं हिंदकळणं थांबू द्यायचं. त्यानंतर कप्प्याची डिप, पाण्याची पेस्ट, डेन्सिटी, नमुन्याची बाटली सीलबंद करून कपाटात. ड्रायव्हरला घाई असते, मला नसते.

या पाऊण तासात आठ-दहा मोटरसायकली दोरीपाशी येऊन थांबतात. “किती वेळ?” “अर्धा तास.” निम्मे जण पुढच्या पंपाकडं जाऊ शकत नाहीत. तेवढं पेट्रोलच नसतं. ते टपरीवर बसतात. सगळ्यात जवळचा पंप चुकला की पुढच्यापर्यंत पोचेल इतकंही टाकीत न ठेवणं, याला कोणी बेफिकिरी म्हणेल. मला तो काटेकोर हिशेब वाटतो. फक्त त्यात टँकर धरलेला नसतो.

दुपारी १.००

डबा. भाकरी, मेथी, ठेचा. पाणी पितानाही एक डोळा नोझलवर.

दुपारचं गिऱ्हाईक तुरळक आणि निवांत. औषध कंपनीचा एमआर येतो. कऱ्हाड, विटा, आटपाडी, दिघंची असा त्याचा फेरा असतो. सगळ्या गिऱ्हाइकांत वही ठेवणारा हा एकटा. फुल ते फुल मोजतो, किलोमीटर लिहितो, कारण कंपनी किलोमीटरवर भत्ता देते. त्यानं आता बजाजची सीएनजीवरची मोटरसायकल घ्यायचं मनावर घेतलंय. ती जुलै २०२४ मध्ये पुण्यात आली. गॅस दोन किलो, पेट्रोल दोन लिटर, दोन्ही मिळून ३३० किलोमीटर असा कंपनीचा दावा. “पण गॅसची रांग कोण लावणार?” तो स्वतःच म्हणतो. रांगेत उभं राहून शंभरचा गॅस कोणी घेत नाही, तिथं सगळे फुलच करतात. म्हणजे ती गाडी महिन्याचा पगार एक तारखेला मिळणाऱ्याची. त्याला परवडेल.

दुपारी ३.००

एक जण गाडी ढकलत आला. पन्नाशीचा, टोपी, घामेजलेला.

“कुठून?”

“चढाच्या पलीकडनं. रिझर्व्हलाच हुती, इसरलोच.”

रिझर्व्ह हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो. अनेकांना वाटतं टाकीत दुसरी लहान टाकी असते. तसं काही नसतं. कार्ब्युरेटरच्या गाडीला टाकीखाली कॉक असतो, त्यातून दोन वाटा आत जातात : एक उंच नळी, एक तळालगतचं भोक. कॉक ‘ऑन’ला असताना पेट्रोल उंच नळीच्या तोंडातून येतं. पातळी त्या तोंडाखाली गेली की गाडी आचके देते. मग चालत्या गाडीवर डावा हात खाली नेऊन कॉक फिरवायचा, तळाचं भोक उघडतं, राहिलेलं येऊ लागतं. तोच रिझर्व्ह. गाडीप्रमाणं लिटर-दीड लिटर. म्हणजे तो साठा नव्हे, सूचना आहे. पेट्रोल भरल्यावर कॉक परत फिरवला नाही तर पुढच्या वेळी सूचना मिळत नाही, सरळ ढकलावं लागतं. या माणसाचं तेच झालं. कधीतरी शंभरचं टाकून कॉक तसाच ठेवला. पण शंभरचं टाकलं तर पातळी उंच नळीच्या फार वर जातच नाही, दोन दिवसांत परत खाली. मग कॉक सारखा कशाला फिरवायचा? या रस्त्यावरच्या निम्म्या गाड्या कायमच्या रिझर्व्हला असतात. वरची आठ लिटरची जागा नुसती हवेनं भरलेली.

त्याला हेही माहीत होतं की गाडी डावीकडं आडवी करायची. मोटरसायकलीची टाकी चेसिसच्या नळीवर खोगिरासारखी बसवलेली असते, दोन्हीकडं दोन पोटं. कॉक डाव्या पोटाला. उजव्या पोटात राहिलेलं पाव-अर्धा ग्लास मधला उंचवटा ओलांडू शकत नाही. गाडी डावीकडं चांगली कलती केली की ते इकडं येतं आणि किलोमीटरभर तरी निघतो. त्यानं दोनदा केलं होतं. टाकीच्या तोंडात फुंकरही मारून झाली होती.

एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक बीएस-सहा गाड्यांत हे सगळं गेलं. कार्ब्युरेटर नाही, कॉक नाही, रिझर्व्ह नाही. टाकीच्या आत विजेवरचा पंप बसवलेला, काटा लाल पट्टीत आला की दिवा लुकलुकतो. तो पंप पेट्रोलमध्ये बुडलेला राहिला की थंड राहतो. कायम तळाशी गाडी चालवली की तो तापतो आणि तळचा गाळही ओढतो. बदलायचा खर्च हजारांत. शंभर-शंभरची जुनी सवय नव्या गाडीला अशी महागात पडते, आणि मेकॅनिक ते सांगतो तेव्हा लोकांना वाटतं तो लुटतोय.

“कितीचं टाकू?” पोरानं विचारलं.

माणसानं बंडीच्या खिशात हात घातला. “सत्तरचं बसंल का?”

बसतं की. कॉक परत ‘ऑन’ला कर, असं मी त्याला सांगितलं. त्यानं फिरवला आणि किक मारली, गाडी सुरू झाली नाही. त्यानं हसून कॉक परत रिझर्व्हला केला. सत्तरच्या पेट्रोलनं उंच नळीचं तोंडसुद्धा बुडालं नव्हतं.

दुपारी ४.३०

उसाच्या ट्रॉल्या. एकामागं एक, ट्रॅक्टरवर गाणी, रस्त्यावर पाचट. डिझेल कारखान्याच्या चिठ्ठीवर, पैसे नंतर कारखाना देणार. टोळीचा मुकादम मोटरसायकलवर पुढं-मागं फिरत असतो. बीडकडची पासिंग. त्याच्या मोटरसायकलीला चिठ्ठी नसते, ते रोखीत.

ट्रॅक्टरच्या मागं थांबलेला एक शेतकरी. गाडी चार वर्षांची.

“मॅडम, पेट्रोलमधी काय घालताय? पयलं पंचावन बसायचं, आता पन्नास बी बसंना.”

“मी काय घालणार? येतानाच वीस टक्के इथेनॉल असतं.”

“म्हंजे ह्योच,” त्यानं ट्रॉलीकडं बोट केलं. “आमच्याच उसाची आमच्याच गाडीला पाजताय, आन वर पैसं पेट्रोलचं घेताय.”

याला माझ्याकडं उत्तर नसतं, कारण तो बरोबर बोलत असतो. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. वीस टक्के मिसळलं की अॅव्हरेज काही ना काही उतरणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दिलेलं आहे की जुन्या पद्धतीच्या इंजिनांत दुचाकीला तीन ते चार टक्के फरक पडेल. म्हणजे पंचावन्नवर दोन किलोमीटर. वीस टक्क्यांचं मूळ लक्ष्य २०३० चं होतं, ते अलीकडं ओढलं आणि २०२५ मध्ये सगळीकडं हेच पेट्रोल आलं. शेतकऱ्याला सांगतात, तुझ्या उसाला भाव मिळावा म्हणून हे आहे. त्याला तो फायदा वर्षातून एकदा, बिलाच्या कागदावर, कळेल न कळेल असा दिसतो. तोटा रोज गाडीवर बसल्यावर दिसतो.

पण दोन किलोमीटरचा फरक पाच कसा झाला? इथं मी त्याला एक प्रश्न विचारते : अॅव्हरेज मोजलंत कसं? “शंभरचं टाकलं, कडेगावला दोनदा गेलो, सपलं.” हे मोजणं नव्हे. शंभरच्या आधी टाकीत किती होतं ते माहीत नाही, संपलं म्हणजे उजव्या पोटात किती उरलं ते माहीत नाही, मागं बायको होती की खताचं पोतं ते धरलेलं नाही. अॅव्हरेज मोजायची एकच सरळ रीत आहे. नोझल आपोआप कट होईपर्यंत भरा, किलोमीटर लिहा, तीन-चारशे किलोमीटर चालवा, परत तसंच कट होईपर्यंत भरा, भागाकार करा. त्याला लागतो हजाराच्या आसपास रोख पैसा, दोनदा. ज्याला अॅव्हरेजची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ते मोजता येत नाही. त्याची तक्रार खरी, आकडा अंदाजाचा. आणि आकडा अंदाजाचा आहे म्हणून तक्रार खोटी ठरवायला सगळे तयारच असतात.

तो शंभरचं घेऊन गेला.

सायंकाळी ६.००

सकाळचीच गर्दी उलट दिशेनं. कारखान्याच्या भोंग्यानंतर तर रस्ता दिसत नाही. या तासाला मी स्वतः नोझलजवळ उभी राहते, कारण पोरं दमलेली असतात आणि कट झाल्यावर रुपये पूर्ण करायला आणखी चार-सहा ठुसके देतात. मोटरसायकलीची टाकी अशी गळ्यापर्यंत भरू नये. पेट्रोल तापलं की फुगतं, दहा लिटरला वीस अंशांत दोनशे मिलिलिटरच्या आसपास. ते झाकणाच्या भोकातून इंजिनावर सांडतं, नव्या गाड्यांत वाफेच्या डबीत शिरून ती खराब करतं. उन्हाळ्यात दर वर्षी फोनवर फिरणारी ती अफवा, फुल टाकी केली तर स्फोट होतो, ती मात्र खोटी. इंडियन ऑइलनं तसा खुलासा केलेला आहे. आमच्याकडं ती अफवा तशीही निरुपद्रवी. फुल करतो कोण?

एकदाच सगळे करताना पाहिले. १ जानेवारी २०२४. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकांना कडक शिक्षेच्या नव्या कलमाविरुद्ध टँकर-ट्रकच्या ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या आणि पेट्रोल मिळणार नाही अशी बातमी पसरली. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रभर रांगा. आमच्याकडं संध्याकाळपर्यंत पेट्रोल आटलं. त्या रांगेत रोजचे शंभरवाले, सत्तरवाले सगळे होते आणि प्रत्येक जण म्हणत होता, “फुल.” शेजाऱ्याकडून उसने घेतलेले, किराण्याचे बाजूला ठेवलेले, असे पैसे होते ते. कित्येकांना आपल्या टाकीत किती मावतं हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. एक जण आकड्याकडं बघत होता, सातशे, आठशे, आणि म्हणाला, “थांब थांब, एवढं कुठं मावतंय!” संप लगेच मिटला. त्यानंतर पाच-सहा दिवस आमच्या पंपावर शुकशुकाट होता. सगळी गिऱ्हाइकं आठवडाभर एमआरसारखी जगली.

संध्याकाळच्या गर्दीत कधी बुलेटवाल्यांचा घोळका लागतो. तेरा लिटरची टाकी, फुल, कार्ड. गोव्याला निघालेले असतील तर मात्र हेही मोजून घेतात. मनोहर पर्रीकरांच्या सरकारनं २०१२ मध्ये पेट्रोलवरचा कर जवळपास काढून टाकला तेव्हापासून तिकडं स्वस्त, ही गोष्ट पोरांच्या डोक्यात बसली आहे. आणि कोल्हापूरकडची पोरं सीमेपलीकडं कोगनोळी-निपाणीला भरतात. बुलेट घेतली म्हणून माणूस रुपयाचा हिशेब सोडत नाही, असं दिसतं.

रात्री ९.००

प्लॅस्टिकच्या बाटल्या घेऊन येणारे. बाटलीत द्यायला बंदी आहे, पाटी लावलेली आहे. “गाडी वाटेत बंद पडलीय, आण्णा एकटंच बसल्यात तिथं.” कधी खरं असतं. कधी ती बाटली एखाद्या वाडीवरच्या किराणा दुकानात जाऊन दहा-वीस रुपये जादानं विकली जाते. बंदी बरोबर आहे आणि वाडीवरचं दुकानही बरोबर आहे, असं माझं मत. ज्याच्या टाकीत कायम अर्धा लिटर, त्याला पंप दर दहा किलोमीटरला लागतो. तेवढे पंप नाहीत, म्हणून दुकान आहे. पण बाटली मी भरून देत नाही. आण्णांसाठी मागून येणाऱ्या गाडीवाल्याला विनंती करते, बहुतेक वेळा कोणीतरी मागं बसवून घेऊन जातो.

दिवाळीनंतर इथं आणखी एक प्रकार दिसतो. विटा-खानापूरकडची गलाईची माणसं, सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली, सणाला गावी येतात आणि गोठ्यात झाकून ठेवलेली मोटरसायकल बाहेर काढतात. वर्षभराचं पेट्रोल उडून गेलेलं असतं, उरलेलं चिकट झालेलं असतं, कार्ब्युरेटर जाम. त्यातला एक परवा विचारत होता, परत जाताना टाकी फुल करून ठेवू का रिकामी? पत्र्याची टाकी फुल असली तर आतून गंज कमी धरतो, पण वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल वर्षभर ठेवणं बरं नाही. मी म्हटलं, भावाला देऊन जा, चालवू दे. तो म्हणाला, भाऊ शंभरचं टाकतो, गाडी खराब करेल.

रात्री ९.४५

पंप बंद. प्रत्येक नोझलचं टोटल, त्यातून सकाळचं वजा, आलेल्या लिटरला भाव, रोख वेगळी, फोनचे पैसे वेगळे, चिठ्ठ्या वेगळ्या. रोख मोजताना पन्नासच्या नोटांचा गठ्ठा सगळ्यात जाड. आज अठ्ठावीस रुपये कमी आले. पोरांनी मिळून भरले.

मग पुढच्या टँकरचं इंडेंट, म्हणजे मागणी. डिप घेतली. तक्त्यावरून जो आकडा येतो तो सगळा विकता येत नाही, ओढणारी नळी तळाच्या थोडी वर असते, तिच्या खालचं पेट्रोल आमचं असून उपयोगाचं नाही. ते वजा केलं तर शनिवार, रविवार निघतील, सोमवार सकाळ अवघड. तेल कंपनी आधी पैसे घेते, मग टँकर भरते. कारखान्याच्या डिझेलच्या चिठ्ठ्या दोन आठवडे पडून आहेत, बिल निघालेलं नाही.

मालकांना फोन लावला.

“पेट्रोलचे दोन कप्पे सांगू?”

“खात्यात बघितलं का?”

“बघितलं.”

“मग?”

“एकाचे होतील.”

“एकच सांग सध्या. कारखान्याचे आले की बघू.”

चार हजार लिटर लिहिले आणि पाठवून दिलं. आमच्या टाकीत त्याच्या तिप्पट मावलं असतं.